नीळ, नवरी आणि माझा जपानी कॅमेरा

नागपुरात फोटो काढता येणारा माणूस त्या काळी एकच होता, आणि तो मी होतो. बाकीचे सगळे बटण दाबणारे! हे मी नम्रपणे सांगतोय. नम्रता सोडली असती तर नागपूर म्हणालो नसतो, सगळा विदर्भ म्हणालो असतो.

साल त्र्याहत्तर. मी कवडू, सरकारी कचेरीत कारकून, राहायला इंदोऱ्यात, आणि गळ्यात सदैव जपानी कॅमेरा. बर्डीवरच्या एका जुन्या मालाच्या दुकानातून तो मी घेतला होता. कॅमेरा काय हो, कुणीही घेईल! पण माझ्याकडे उजेड मोजायचा मीटर होता. आमच्या साहेबांनी तो मुंबईहून आणला होता, त्यांना तो वापरता येईना, म्हणून मी मागून घेतला. तळहातात मावेल एवढी डबी आणि तिच्यात एक काटा. उजेडाकडे धरली की काटा सरकतो आणि आकडा सांगतो. तो आकडा कॅमेऱ्यावर लावायचा, झालं. मी गल्लीत उभा राहून भिंतीचा, बकरीचा, शेजारच्या प्रयागबाईच्या रांजणाचा उजेड मोजायचो. लोक विचारायचे, "कवडूभाऊ, काय मोजून राहिले गा?" मी म्हणायचो, "तुमाले नाई समजाचं!" आणि त्यांना खरंच समजत नसे. अडाणी लोक!

त्यातही सगळ्यात अडाणी म्हणजे चंपतराव. चौकात त्याचा फोटो स्टुडिओ. स्टुडिओ कसला, एक अंधारी खोली! तिच्यात एक पडदा, पडद्यावर रंगवलेलं तळं, तळ्यात दोन बदकं. त्यातलं एक बदक मानेपर्यंत उंदरांनी खाल्लेलं. गिऱ्हाईक आलं की हा त्याला बदकांसमोर बसवणार, थोबाडाला पावडर फासणार, "हनुवटी वर! श्वास बंद!" म्हणून ओरडणार, आणि मग कॅमेऱ्यामागे जाऊन इतका वेळ लावणार की बसलेल्याचे डोळे बाहेर यायचे. इंदोऱ्यातल्या घराघरात भिंतीवर एक तरी माणूस डोळे वटारून बसलेला दिसेल, तो चंपतरावचा. मीटर नाही, इंग्रजी मासिकं नाहीत. नुसतं आभाळाकडे बघायचं आणि आकडा लावायचा. याला फोटोग्राफी म्हणतात होय?

तर अशात माझ्या बहिणीचं, प्रेमिलाचं लग्न ठरलं. बाबा जाऊन चार वर्षं झाली होती, त्यामुळे घरातला कर्ता पुरुष मी. आणि लग्नाचे फोटो कोण काढणार हा तर प्रश्नच नव्हता.

आमच्यात लग्न पांढऱ्या कपड्यांत. नवरी पांढऱ्या साडीत, नवरदेव पांढऱ्यात, वऱ्हाडही बहुतेक पांढऱ्यातच. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासूनची ही रीत. आता प्रेमिलाची साडी कोणती? तर माझ्या आजोबांनी, दादाजींनी, खाप्याला त्यांच्या गावी, स्वतःच्या मागावर विणलेली. दादाजींचं वय ब्याऐंशी. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याला बाटलीच्या बुडासारखं भिंग, आणि गेल्या पावसाळ्यात मागाच्या खड्ड्यात पडून मांडीचं हाड मोडलेलं. लग्नाला येणं शक्यच नव्हतं. साडी आणायला मी आणि आई गेलो, तर त्यांनी ती खाटेवर उलगडून दाखवली. पांढरं सूत, आणि काठाला पांढऱ्याच रेशमाची पिंपळपानं. पांढऱ्यावर पांढरं!

"चाळीस वर्सं गांधीबागच्या शेठसाठी साड्या विणल्या," दादाजी म्हणाले. "कोणं नेसल्या, कशा दिसल्या, आपल्याले काय मालूम? हे एकच साडी अशी आहे, का नेसणारी मले माहीत आहे. कवडू, मले फोटो आणून दाखवजो. पोरीच्या आंगावर माहा काठ दिसला पाहिजे, बस. मंग डोळे मिटले तं मिटले."

"दादाजी," मी म्हणालो, "पान तं सोडाच, पानाची शीर न् शीर मोजून घेजा!"

आईनं माझ्याकडे संशयानं पाहिलं. माझी आई, तुळसाबाई, हिचा माझ्यावर विश्वास असा कधी नव्हताच. परत आल्यावर ती सरळ चंपतरावकडे गेली, आणि मला ओढत घेऊन गेली. चंपतरावनं साडीचा पदर उजेडात धरला, तिरपा केला, परत सरळ केला.

"हे कठीण आहे, तुळसाबाई," तो म्हणाला. "पांढरं उन्हात जळते. उजेड जरा जास्त झाला का त्याच्यातलं सारं नक्षीकाम गेलं, मंग कोणाचा बाप बी ते परत आणू शकत नाही. सकाळी सातले, सावलीत, बाजूनं उजेड घेऊन काढा लागते. अन् आकडा पांढऱ्याकडे पाहून लावा लागते, तोंडाकडे पाहून नाही."

मला हसू आवरेना. सकाळी सातला म्हणे! नवरी काय दूध घालायला निघाली आहे? मी त्याला तोंडावर सांगितलं, "चंपतराव, तुमी लग्नात जेवाले या. फोटोचं मी पाहून घेतो."

"येतो," तो शांतपणे म्हणाला. "जेवाले येतो."

आता तुम्ही म्हणाल, मी काही अभ्यास केला की नाही? केला! रद्दीवाल्याकडून आणलेल्या इंग्रजी मासिकात नेमका याच विषयावर लेख होता. पांढरे कपडे फोटोत कोरे येतात, म्हणून तिकडे सिनेमावाले नटांचे पांढरे सदरे मुद्दाम फिक्या रंगात बुडवून काढतात, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. कोणत्या रंगात, ते पुढच्या पानावर होतं, आणि पुढचं पान रद्दीवाल्यानं चिवडा बांधायला फाडलं होतं. पण माझ्यासारख्या माणसाचं एका पानावाचून काय अडणार? पांढऱ्या कपड्यांना घरोघरी कोणता रंग देतात? नीळ! इतकं सोपं!

लग्नाच्या दिवशी सकाळी मी आईला म्हणालो, "माय, साडीले जराशी नीळ मारू काय?"

"मार नं," आई म्हणाली. "पांढरीले नीळ पाहिजेच. थेंबभर टाकजो."

थेंबभर! थेंबानं घरच्या चादरी धुतात, फोटोग्राफी होत नाही. मी बादलीत आख्खा पुडा उपडा केला. पाण्याची शाई झाली. साडी बुडवली, काठीनं ढवळली, पिळली आणि अंगणातल्या दोरीवर टाकली. एप्रिलातलं नागपूरचं ऊन ते, दहा मिनिटांत साडी खडखडीत वाळली. आणि निळीभोर!

पहिली हाक प्रयागबाईची आली. "तुळसाबाई वं! तुमच्या दोरीवर पार्टीच्या कोणत्या गटाचा झेंडा वाळून राहिला?"

आई बाहेर आली. तिनं साडीकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही. नंतर अर्धा तास आई आणि प्रयागबाई दोघी मिळून साडी साबणानं घासत होत्या. त्यानं एवढंच झालं, की निळी साडी होती ती डागांची निळी साडी झाली. निऱ्यांच्या जागी गडद, पदराला फिकी, आणि मध्ये ढग. मी समजावत होतो, "माय, हे वैज्ञानिक आहे!" तर आईनं ओली काठी उचलली, म्हणून मी विज्ञान थांबवलं.

"निळा आपला रंग आहे, मले मालूम आहे!" आई ओरडत होती. "मिरवणुकीले मी बी निळी नेसतो. पण नवरी पांढऱ्यातच पाहिजे ना बे, मूर्खा!"

प्रेमिला दारात उभी होती. ती ओरडली नाही, हेच वाईट. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. प्रयागबाई म्हणाली, "माही पांढरी आहे ट्रंकेत, देऊ काय?" तर प्रेमिलानं मान हलवली.

"नोको. दादाजीनं बोटानं चाचपून चाचपून विणली. मी हेच नेसीन." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, फोटोत काठ दिसला नाही नं, तं मी तुह्याशी जन्मात बोलणार नाही. ध्यानात ठेव."

"दिसेल वं! त्याच्यासाठीच तं केलं सारं!" मी म्हणालो. आणि खरं सांगतो, माझ्या मनात तेव्हाही तीळभर शंका नव्हती. इतर लोकांना फोटोतलं काही कळत नाही, त्याला मी काय करणार?

विहारात वरात पोचली. नवरदेवाचे वडील रामाजी, पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी. त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि ते तिथंच थबकले.

"तुमी निळ्यात करून राहिले काय?" ते आईला म्हणाले. "आमाले सांगतलं असतं, तं आमी बी निळे आलो असतो!"

मागून त्यांचा भाऊ पुटपुटला, "हा त्यायचा गट दिसते." आमच्या बाजूचा एक मामा लगेच उसळला, "गट कोणाचा काढता गा?" पाच मिनिटं दोन्हीकडचे पुढारी आस्तीन सावरून उभे राहिले. शेवटी भन्तेजींनी डोळे मिटून त्रिशरण सुरू केलं, तेव्हा सगळ्यांना हात जोडावे लागले आणि लग्न लागलं. दोष माझ्यावर आला. नीळ कुणी टाकली याची चौकशी करायला लोकांना वेळ असतो, उजेडाचा अभ्यास करायला नसतो!

मग माझी पाळी आली. विहाराच्या आत, अंधाऱ्या कोपऱ्यात, मी प्रेमिलाच्या नाकासमोर मीटर धरला. नवरीचा चेहरा महत्त्वाचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आकडा घेतला, कॅमेऱ्यावर लावला, आणि मग सगळ्यांना बाहेर अंगणात काढलं. दुपारचे बारा, वर ऊन, मागे नुकतीच चुन्यानं रंगवलेली भिंत, समोर पांढरं वऱ्हाड. डोळे उघडे ठेवता येत नव्हते. याला म्हणतात भरपूर उजेड!

खात्रीसाठी मीटर पुन्हा धरला, तर काटा सरसर सरकला आणि टोकाला जाऊन चिकटला. मी डबी झटकली, फुंकली, काटा हलेना.

"बिघडला," मी म्हणालो. "उन्हानं तापला बिचारा."

चंपतराव पंगतीची वाट बघत सावलीत उभा होता. तो म्हणाला, "कवडूभाऊ, बिघडला नाही. ऊन लई आहे, हेच सांगून राहिला तो तुमाले. आकडा बदला."

"तुमाले मीटरमधलं काय समजते?" मी म्हणालो. "पान वाढून राहिले, पाहा तिकडे!"

तो गेला. मी आतलाच आकडा कायम ठेवला आणि बारा फोटो काढले. नवरानवरी, नवरी एकटी, पदर पुढे घेऊन, काठ दोन्ही हातांनी धरून, रामाजी, सगळं वऱ्हाड. प्रेमिला प्रत्येक फोटोत काठ असा धरून उभी, की जणू तो निसटून जाईल. एकदाही हसली नाही पोरगी.

पुढचा अपमान असा, की रोल धुवायला चंपतरावकडेच द्यावा लागला. अंधारखोली इंदोऱ्यात त्याच्याकडेच! दोन दिवसांनी गेलो. त्यानं फोटोंचा गठ्ठा समोर ठेवला. मी पहिला उचलला.

"हा कोरा कागद आहे," मी म्हणालो.

"कोरा नाही. तुमची बहीण आहे."

नीट पाहिलं. खरंच की! वरती प्रेमिलाचं तोंड, जरा फिकट, पण ओळखू येत होतं. खाली दोन हात. मध्ये काही नाही. साडी नाही, भिंत नाही, काठ नाही, नीळ नाही! नुसता पांढरा कागद. दोन हातांत तिनं काय धरलंय, तेही कळत नव्हतं. दुसऱ्या फोटोत रामाजींची टोपी भिंतीत विरघळली होती, त्यामुळे त्यांचं डोकं भुवयांवर संपत होतं. आणि वऱ्हाडाच्या फोटोत तीस तोंडं हवेत लटकत होती, धडाचा पत्ता नाही!

"नीळ गेली कुठं?" मी ओरडलो. "आख्खा पुडा टाकला होता!"

चंपतराव पहिल्यांदा हसला. "भाऊ, काळ्यापांढऱ्या फिलमले निळं अन् पांढरं सारखंच. उन्हात काढलेल्या फोटोत आभाळ कसं येते, कधी पाहिलं काय? पांढरंफट! तुमी तं नवरीले आभाळात बुडवलं. चहाच्या पाण्यातून काढली असती साडी, तं काही जमलं असतं. अन् वरून अंधारातला आकडा उन्हात! मी दुप्पट-तिप्पट वेळ देऊन छापून पाहिलं. साडी तरी बी कोरीच, अन् नवरी कोळसा. म्हणून हे दिले."

इतकी वर्षं मी ज्याला अडाणी म्हणत होतो, तो आभाळाकडे का बघायचा, ते मला तेव्हा कळलं. पण मी त्याला तसं म्हणालो नाही. मी म्हणालो, "कागद हलका वापरला तुमी," आणि बाहेर पडलो. चौकात आल्यावर मात्र मी फोटो पुन्हा एकदा पाहिला. प्रेमिलाला काय सांगू? आणि दादाजींना?

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी राहायला आलेल्या प्रेमिलानं फोटो पाहिला, पालथा ठेवला, आणि तिनं शब्द पाळला. पंधरा दिवस माझ्याशी चकार शब्द नाही. पाणी हवं असलं तरी म्हणायची, "माय, त्याले सांग, तांब्या दे."

सोळाव्या दिवशी आम्ही नव्या जोडप्याला घेऊन खाप्याला गेलो. एसटीत मी खिशातल्या पाकिटावर हात दाबून बसलो होतो. म्हाताऱ्यानं मागितलीच तर, म्हणून साडी आईच्या पिशवीत अगदी तळाशी होती. आईचा बेत असा, की म्हाताऱ्याला फोटो दाखवायचा, साडीचं नावही काढायचं नाही. फोटोत काठ दिसत नसला तरी डागही दिसत नाहीत, एवढाच काय तो माझ्या कलेचा फायदा!

दादाजी खाटेवर टेकून बसले होते. "आणला काय फोटो?" ही पहिली हाक. मी दिला. त्यांनी तो नाकाला लावला. दूर धरला. उलटा केला, परत सुलटा केला.

"याची पुढची बाजू कोणती आहे बे?"

नवा जावई खोकला. दादाजींनी बोट फिरवत फिरवत प्रेमिलाचं तोंड शोधलं, तिथून खाली उतरले आणि थांबले. त्यांचा हात असा हळूच खाली आला, की मला मीटर फोडून टाकावासा वाटला.

"दिसत नाही काठ," ते म्हणाले. "माहे डोळे गेले, दुसरं काय. प्रेमिला, साडी आणली काय वं? नेस बरं. हातानं पाहून घेतो."

आता काय करणार? आई रडायला लागली. सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, डोळ्यायचा दोष नाही. या पोट्ट्यानं साडीचं वाटोळं केलं! त्या चंपतराव फोटोवाल्याचं ऐकलं नाही, नीळ ओतली आख्खी!"

प्रेमिला आत गेली, साडी नेसून आली आणि खाटेजवळ बसली. त्यांनी पदर हातात घेतला, काठ चाचपला, भिंगाजवळ नेला. मी दाराकडे सरकलो. विणकर म्हातारा आहे, हाताला धोटा फेकायची चाळीस वर्षांची सवय आहे, म्हटलं सावध असलेलं बरं.

"हे पान," दादाजी म्हणाले. मग बोट काठावरून पुढे सरकलं. "हे दुसरं. हे तिसरं. देठ बी आहे याले! पाह्य वं, प्रेमिला, देठ!"

आम्ही सगळे वाकलो. सुतानं नीळ प्यायली होती, पण रेशमानं धरलीच नव्हती. निळ्या काठावर एकेक पिंपळपान पांढरंशुभ्र उठलं होतं. लग्नाच्या दिवशी आम्ही सगळे डाग बघत बसलो, काठ कुणी बघितलाच नाही!

"विणताना मले नोतं दिसत," दादाजी म्हणाले. भिंगामागून पाणी ओघळत होतं, आणि ते पुसतही नव्हते. "पांढऱ्यावर पांढरं. धागे मोजून मोजून विणलं, पण पान झालं का नुसता गोळा झाला, कोणाले मालूम? विचाराले बी लाज वाटे. आज दिसला मले माहा काठ. चांगला झाला आहे, नाही काय?"

"लई चांगला झाला, दादाजी," प्रेमिला म्हणाली, आणि तीही रडायला लागली. मी पुढे वाकून बघत होतो, तर ती माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, बाजूले सर. तुही सावली पडून राहिली काठावर." सोळा दिवसांत माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य!

आई डोळे पुसत म्हणाली, "घरी गेल्यावर दोनदा उकळून काढतो, मामाजी, जाईल सारी नीळ."

"खबरदार धुतली तं!" दादाजी गरजले.

झालं! माझी छाती अशी भरून आली म्हणता! शेवटी वैज्ञानिक दृष्टीच कामाला आली की नाही? मी ऐटीत खिशातून मीटर काढला, दादाजींच्या नाकासमोर धरला आणि म्हणालो, "दादाजी, हाललात तं पाहा! नातीसोबत तुमचा एक फोटो घेतो."

दादाजींनी डबी हातानं बाजूला सारली.

"फोटो त्या चंपतरावले बोलावून काढू," ते म्हणाले. "ते तुह्याच्यानं होत नाही. पण रंगाऱ्याचं काम चांगलं करतं तू. जाय, नीळ आण, माही बंडी बी बुडवून दे."

मी नीळ आणायला गेलो. दुकानदारानं विचारलं, केवढी देऊ? म्हटलं, आख्खा पुडा.